वायरची तीन कामं : वायरलेस कीबोर्डच्या चाळीस वर्षांची गोष्ट

आजचा भाग अशा एका वस्तूबद्दल आहे, जी आपण मोठ्या हौसेनं काढून टाकली आणि मग चाळीस वर्षं तिची भरपाई करत बसलो. ती वस्तू म्हणजे कीबोर्डची वायर.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न साधारण एकच असतो. टीव्हीला पीसी जोडलाय, सोफ्यावर बसून गेम खेळायचाय, रात्री पिक्चर बघायचाय, तर वायरलेस कीबोर्ड कोणता घेऊ? याच्या याद्या यूट्यूबवर ढिगानं आहेत, आणि दर सहा महिन्यांनी त्या बदलतात. मी आज यादी देणार नाही. मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे, कारण माझं म्हणणं असं की हा इतिहास एकदा डोक्यात बसला, की दुकानात कुठलाही डबा हातात घेतला तरी काय विचारायचं ते आपोआप कळतं.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. कीबोर्डची वायर नेमकं करते काय?

तीन कामं करते. एक, कीबोर्डला वीज पुरवते. दोन, दाबलेली कळ लगेच आणि न चुकता पोचवते. आणि तिसरं काम असं, की ते करताना कुणाला दिसतच नाही : ती गुपित राखते. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड वायरच्या आतून जातो, शेजारच्या खोलीत सांडत नाही. वायर कापली की ही तिन्ही कामं एकदम बेवारस होतात. वायरलेस कीबोर्डचा सगळा इतिहास म्हणजे या तीन कामांना नवीन माणूस शोधण्याचा इतिहास.

पहिलं काम : वीज

कीबोर्डच्या आधी वायर कापली गेली ती टीव्हीच्या रिमोटची. अमेरिकेत झेनिथ नावाची टीव्ही बनवणारी कंपनी होती. १९५० मध्ये त्यांनी वायरवाला रिमोट आणला. त्याची वायर हॉलभर लोळायची आणि येणारे-जाणारे अडखळायचे. १९५५ मध्ये त्याच कंपनीतल्या युजीन पॉली यांनी बॅटरीसारखा प्रकाश टाकणारा रिमोट केला. टीव्हीच्या कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते, त्यावर झोत मारायचा. अडचण एवढीच, की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही स्वतःच चॅनेल बदलायचा.

मग १९५६ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी एक भन्नाट गोष्ट केली. त्यांच्या रिमोटमध्ये बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची. त्यातून माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. बॅटरी का नको होती? कारण कंपनीच्या विक्री विभागाला भीती होती की सेल संपला तर गिऱ्हाईक म्हणेल, टीव्हीच बिघडला.

हसू नका. ही भीती आजही खरी आहे. ऐन मॅचमध्ये कीबोर्ड बंद पडला की आपणही आधी गेमलाच शिव्या घालतो, चार्जिंगकडे नंतर बघतो.

पण कांडी आणि हातोडी चार बटणांना पुरते. साठ कळांचा कीबोर्ड असला, तर साठ कांड्या कुठे बसवणार? त्यामुळे कीबोर्डला सेल लागणारच होते. आणि आता आपण येतो या गोष्टीच्या खऱ्या नायकाकडे. नायक म्हणा, नाहीतर बळीचा बकरा म्हणा.

आयबीएमचा ‘शेंगदाणा’

१ नोव्हेंबर १९८३. आयबीएमनं पीसीज्युनिअर नावाचा घरगुती कॉम्प्युटर जाहीर केला. कंपनीत त्याचं टोपणनाव होतं ‘पीनट’, म्हणजे आपला शेंगदाणा. आयबीएमचा ऑफिसातला पीसी १९८१ मध्ये आला होता आणि धडाक्यात चालला होता. आता त्याच कंपनीला दिवाणखान्यात शिरायचं होतं. किंमत ६६९ डॉलरपासून पुढे. टीव्हीला जोडता येणार, सोळा रंग, तीन आवाजांचं संगीत, गेमच्या दोन कार्ट्रिजसाठी पुढे दोन खाचा, जॉयस्टिक लावायची सोय. गेमिंग आणि घरची करमणूक हे दोन्ही शब्द ज्याला लागू पडतील, असंच ते यंत्र होतं. सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट’ हा पुढे गाजलेला साहसी गेम मुळात याच मशीनसाठी तयार झाला.

आणि त्याच्यासोबत होता वायरलेस कीबोर्ड. इन्फ्रारेडवर चालणारा, म्हणजे आजच्या टीव्हीच्या रिमोटसारखा, आणि चार पेन्सिल सेलवर. कल्पना एकदम आजची : सोफ्यावर रेलून बसा, कीबोर्ड मांडीवर घ्या आणि खेळा.

लोकांनी तो हातात घेतला आणि तोंड वाकडं केलं. कळा म्हणजे रबरी च्युइंगगमच्या तुकड्यांसारख्या, सुट्या सुट्या. अक्षरं कळांवर नव्हती, कळांच्या वर, मधल्या जागेत छापलेली होती. त्यामागे विचार असा, की प्रत्येक गेमसाठी वेगळी पट्टी वर ठेवता यावी. कल्पना वाईट नाही, पण त्यावर निबंध टाइप करून बघा! वरून इन्फ्रारेडला सरळ रेष लागते. मध्ये मांजर बसलं, पाणी प्यायला कुणी पुढून गेलं, की अक्षर गायब. आणि शाळेत किंवा दुकानात दोन पीसीज्युनिअर शेजारी ठेवले, तर एकाचा कीबोर्ड दुसऱ्यावर टाइप करायचा. म्हणून आयबीएम एक जोडवायरही विकत होती. वायरलेस कीबोर्डसाठी वायर, वेगळे पैसे देऊन!

१९८४ च्या उन्हाळ्यात आयबीएमनं नीट कळांचा नवीन कीबोर्ड काढला आणि आधीच्या गिऱ्हाइकांना तो फुकट बदलून दिला. पण तोवर नाव खराब झालं होतं. मार्च १९८५ मध्ये उत्पादन बंद. आणि गंमत बघा, त्याच यंत्राचे रंग आणि संगीत उचलून टँडी कंपनीनं टँडी १००० आणला, साध्या वायरच्या कीबोर्डसकट, आणि तो उत्तम खपला. म्हणजे घरात कॉम्प्युटर नको होता असं नाही. पीसीज्युनिअर पडला त्याची कारणं बरीच होती, किंमत होती, मेमरी कमी होती. पण लोकांच्या लक्षात राहिला तो कीबोर्ड. का? कारण त्याच वस्तूला आपला हात लागतो.

यातून पहिला धडा : वायर काढण्याच्या नादात कळा स्वस्त केल्या, तर माणूस वायर मागतो.

दुसरं काम : वेळेवर पोचवणं

इन्फ्रारेडची सरळ रेषेची कटकट सुटली ती रेडिओमुळे. १९९१ मध्ये लॉजिटेक या स्विस कंपनीनं रेडिओवर चालणारा माउस आणला, आणि पुढे कीबोर्डही त्याच वाटेनं गेले. त्या काळात बऱ्याच कीबोर्डची फ्रिक्वेन्सी असायची २७ मेगाहर्ट्झ. ही तीच, जिच्यावर जत्रेत मिळणाऱ्या रिमोटच्या गाड्या चालतात. भिंत, मांजर, काका, काहीही मध्ये आलं तरी चालायचं. पण चॅनेल मोजके आणि पल्ला दोन-चार हातांचा. टेबलावर ठीक, सोफ्यावर बेभरवशाचा.

खरा बदल झाला २.४ गिगाहर्ट्झमुळे. अमेरिकेत १९८५ मध्ये हा पट्टा परवान्याशिवाय संदेश पाठवायला मोकळा झाला. वायफाय आणि ब्लूटूथ, दोन्ही त्याच अंगणात वाढले. आपल्याकडे केंद्र सरकारनं २००५ मध्ये तो परवानामुक्त केला. तुमच्या घरातला राउटर, इअरबड आणि कीबोर्ड तिघंही लायसन्सशिवाय चालतात, ते यामुळे.

पण मोकळं अंगण म्हटलं की गर्दी आलीच. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गरम होतो. ब्लूटूथची युक्ती अशी, की एका जागी थांबायचंच नाही : ७९ चॅनेल, आणि सेकंदाला १६०० उड्या. कुर्ला स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता जसं आपण फट दिसेल तिथून सटकतो, तसं. पोचतो नक्की, पण एखाद-दुसरा क्षण इकडेतिकडे होतो.

टाइपिंगला त्या क्षणानं काही बिघडत नाही. गेमिंगला बिघडतं. १९९७ मध्ये ‘क्वेक’च्या एका स्पर्धेत डेनिस फाँग, म्हणजे ‘थ्रेश’, जिंकला आणि त्याला बक्षीस मिळाली गेमच्या निर्मात्याची, जॉन कारमॅकची स्वतःची फेरारी. थ्रेशची बोटं असायची डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर. आज जगभर सगळे तिथेच बोटं ठेवतात, त्यात त्या विजयाचा मोठा हात आहे. अशा खेळाडूंनी पुढची कित्येक वर्षं वायर सोडली नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं.

आता थोडं गणित, घाबरू नका. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं. साधा यूएसबी कीबोर्ड सेकंदाला १२५ वेळा विचारला जातो, ‘काही दाबलंय का?’, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगचा कीबोर्ड १००० वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला. २०१६ च्या आसपास कंपन्यांनी स्वतःच्या छोट्या डाँगलवर ब्लूटूथ टाळून थेट बोलणारी, १ मिलिसेकंदाची पद्धत आणली. लॉजिटेकनं तिला लाइटस्पीड नाव दिलं, आधी माउसमध्ये, मग २०१७ मध्ये जी६१३ या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये, आणि २०१९ मध्ये चपट्या जी९१५ मध्ये. कॉर्सेअरनं २०१८ च्या सुरुवातीला के६३ वायरलेस आणला, आणि त्याच्यासाठी मांडीवर घ्यायची वेगळी पाटी, जिच्यावर कीबोर्ड आणि माउस दोन्ही बसतात. वेगाचा प्रश्न तिथे बराचसा सुटला.

पण एक गोष्ट डब्यावर कुणी लिहीत नाही. तुम्ही टीव्हीवर खेळत असाल, तर टीव्ही स्वतः चित्र चकचकीत करण्यात कितीतरी मिलिसेकंद खातो. गेम मोड बंद ठेवून १ मिलिसेकंदाचा कीबोर्ड घेणं म्हणजे एक्सप्रेसनं दादरला येऊन पुढे बैलगाडीत बसणं. आधी टीव्हीचा गेम मोड लावा. तो फुकट आहे.

दुसरी फुकटातली गोष्ट. डाँगल टीव्हीच्या किंवा पीसीच्या मागे, यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्कशेजारी खुपसलेला असेल, तर कळा चुकू शकतात. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये सांडतो, हे इंटेलनं २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. माझ्या हॉलमध्ये डाँगल एका हातभर एक्स्टेन्शन वायरनं टीव्हीच्या पुढे काढून ठेवलाय. हो, वायरलेससाठी वायर. आयबीएमला हसलो होतो ना आपण?

तिसरं काम : गुपित

आता मी थोडा गंभीर होतो, कारण इथे पैसे आणि अब्रू दोन्ही पणाला लागतात.

२००२ मध्ये नॉर्वेतल्या स्टॅव्हेंजर शहरात एका माणसाच्या कॉम्प्युटरवर आपोआप अक्षरं उमटू लागली. ती टाइप करत होता दुसराच माणूस, वेगळ्या इमारतीत, दीडशे मीटरच्या आसपास. त्याचा वायरलेस कीबोर्ड शेजाऱ्याच्या रिसिव्हरला ऐकू जात होता. कुणी चोरी केली नव्हती, नुसतं सांडलं होतं.

मग लोक मुद्दाम ऐकू लागले. २००७ मध्ये मॅक्स मोझर आणि फिलिप श्रोडेल या संशोधकांनी दाखवलं, की मायक्रोसॉफ्टच्या २७ मेगाहर्ट्झच्या काही कीबोर्डचं कुलूप एका बाइटचं आहे. एक बाइट म्हणजे २५६ शक्यता. तुमच्या प्रवासाच्या बॅगेवर जे तीन आकड्यांचं कुलूप असतं ना, त्याला १००० शक्यता असतात. म्हणजे बँकेचा पासवर्ड ज्याच्यातून जात होता त्याचं कुलूप बॅगेपेक्षा कच्चं.

२०१५ मध्ये सॅमी कामकारनं भिंतीतल्या यूएसबी चार्जरसारखं दिसणारं एक यंत्र बनवून दाखवलं. ते प्लगमध्ये बसून आसपासच्या मायक्रोसॉफ्टच्या वायरलेस कीबोर्डवरचं टायपिंग टिपून ठेवायचं. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीनं दोन धक्के दिले. एक : अनेक वायरलेस माउसच्या डाँगलला दुरून खोट्या कळा पाठवता येतात. दोन : आठ कंपन्यांचे स्वस्त कीबोर्ड तर काहीच कुलूप न लावता, उघड्यावर बोलत होते. कुलूप कच्चं नव्हतं, कुलूपच नव्हतं.

आणि हे ‘कीबोर्डवाल्यांचं’ दुखणं आहे, आपला काय संबंध, असं फोनवर ऐकणाऱ्यांना वाटत असेल तर थांबा. डिसेंबर २०२३ मध्ये, बॅस्टिलच्या त्या शोधात असलेल्याच मार्क न्यूलिननं दाखवलं, की ब्लूटूथ चालू असलेल्या अँड्रॉइड फोनला जवळचा कुणी माणूस खोटा कीबोर्ड म्हणून जोडला जाऊ शकतो आणि कळा दाबू शकतो, तुम्ही ‘हो’ न म्हणताही. तुमच्याकडे कीबोर्ड नसला तरी! अँड्रॉइड ११ ते १४ साठी त्याच महिन्यात दुरुस्ती आली. त्याहून जुन्या फोनला ती मिळालेली नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. डिसेंबर २०२३ च्या आधीची असेल, तर ब्लूटूथ काम झालं की बंद करायची सवय लावा. हा भाग संपायची वाट बघू नका, आत्ताच बघा.

ब्लूटूथ कीबोर्ड जोडताना फोनवर किंवा टीव्हीवर सहा आकडे दिसतात आणि ते कीबोर्डवर टाइप करायला सांगतात. आपल्याला कंटाळा येतो. पण पडद्यासमोर बसलेला माणूस आणि कळा दाबणारा माणूस एकच आहे, याचा तोच पुरावा. वायर हे न विचारता करायची.

मग दिवाणखान्यात कीबोर्ड का रुजला नाही?

प्रयत्न काही कमी झाले नाहीत. १९९६ मध्ये वेबटीव्ही आला. टीव्हीला डबा जोडा, फोनच्या लाइनवरून इंटरनेट घ्या, आणि हवा तर वायरलेस कीबोर्ड वेगळा विकत घ्या. मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये ती कंपनी ४२.५ कोटी डॉलरना घेतली. २०१० मध्ये गूगल टीव्हीचा पहिला अवतार आला, तेव्हा लॉजिटेकच्या रेव्ह्यू नावाच्या डब्यासोबत अख्खा कीबोर्ड होता, किंमत २९९ डॉलर. वर्षभरात ती ९९ वर आणावी लागली. २०१९ च्या सुरुवातीला रेझरनं एक्सबॉक्ससाठी टरेट आणला : मेकॅनिकल कीबोर्ड, त्यातून बाजूला सरकणारी माउसची पाटी, चुंबकानं धरलेला माउस. कारागिरी सुंदर, किंमत २५० डॉलर. तेवढ्यात आणखी थोडे घातले की अख्खा कन्सोल येत होता.

माझं मत सांगतो. या सगळ्यांनी धरलेलं गृहीत असं, की सोफ्यावरच्या माणसाला लिहायचंय. त्याला बहुतेक वेळा फक्त शोधायचं असतं, एक नाव, एक पासवर्ड, बस. तेवढ्यासाठी तुमच्या हातातला फोनच कीबोर्ड झाला. दिवाणखान्यातल्या कीबोर्डला हरवलं ते दुसऱ्या कीबोर्डनं नाही, तुम्ही आत्ता ज्यावर मला ऐकताय त्यानं.

जे टिकलं ते साधं होतं. २०११ चा लॉजिटेक के४०० : हलका, उजवीकडे टचपॅड, एका हातात मावणारा. त्याचा पुढचा भाऊ के४०० प्लस आजही घराघरात दिसतो. कंपनीच्या म्हणण्यानुसार दोन पेन्सिल सेलवर दीड वर्ष. गेमिंगचा जी६१३ सुद्धा दोन सेलवर दीड वर्ष. आणि त्याच कंपनीचा झगमगणारा जी९१५? सगळे दिवे पूर्ण लावले तर साधारण ३० तास. वेगामुळे बॅटरी जात नाही मंडळी, दिव्यांमुळे जाते.

तर तुलना कशी करायची?

तीन कामं, तीन प्रश्न.

वीज कोण देणार? फक्त बघायला आणि शोधायला हवा असेल तर सेलवाला, बिनदिव्यांचा घ्या. विसरून जायची सोय आहे. चार्जिंगचा घेतलात तर चार्ज करताना खेळता येतं का ते विचारा.

वेळेवर कोण पोचवणार? धावपळीचे, मारामारीचे गेम असतील तर डाँगलचा २.४ गिगाहर्ट्झवाला. फोन, टॅब आणि टीव्ही यांच्यात फिरवायचा असेल तर ब्लूटूथ. काही कीबोर्डमध्ये दोन्ही असतं, कॉर्सेअरच्या के८३ मध्ये तर टचपॅड आणि छोटी जॉयस्टिकही आहे. आणि दुकानात एक चाचणी कराच : डब्ल्यू आणि ए दाबून धरा, वर स्पेस दाबा, मग शिफ्ट. एखादी कळ गिळली जात असेल तर तो कीबोर्ड करमणुकीचा, गेमिंगचा नाही. टचपॅडवाले हलके कीबोर्ड इथे बरेचदा अडखळतात.

आणि गुपित कोण राखणार? डब्यावर ‘एन्क्रिप्शन’ शब्द शोधा. एईएस १२८ लिहिलं असेल तर उत्तम. काहीच लिहिलं नसेल तर असं समजा की तो उघड्यावर बोलतो. गेम खेळा त्यावर खुशाल, पण बँकेचा पासवर्ड नको. पहिल्या पगारातून किंवा मेसच्या पैशातून वाचवून घेणाऱ्यांना हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तीनशे रुपये वाचवायला गेलो की कात्री सगळ्यात आधी लागते ती याच न दिसणाऱ्या कामाला.

आणि टेबलासमोर बसून, पीसीपासून हातभर अंतरावर खेळत असाल, तर? तर मंडळी, वायरवाला घ्या. तिन्ही कामं करते, चार्ज मागत नाही, आणि त्याच पैशांत कळा चांगल्या मिळतात.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या फोनची अपडेटची तारीख काय निघाली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!